गुलाबी आहे तोवर

मालन : फोडलीस? अख्खी अंगठी फोडलीस?

अनुपमा : फोडली नाही गं, उघडली. आत काय असतं ते बघायला नको?

मालन : मग? काय निघालं?

अनुपमा : काळं काहीतरी. चिकट. काडेपेटीच्या काडीवर मावेल एवढंच. नखाला लावलं तर नखच काळं झालं.

मालन : बरं झालं. स्टेशनबाहेर तो अंगठीवाला बोंबलत होता, ‘मूड के हिसाब से रंग बदलेगी, बेबी.’ माझ्या बोटात ती दिवसभर काळीच होती. आई म्हणाली, तुझा मूड काय तो एकदाचा कळला.

अनुपमा : मूडबिड काही नसतं, मालन. बोट गरम असलं की निळी, गार असलं की काळी. सगळा उष्णतेचा खेळ. मला तेच हवंय, पण वाटीभर हवंय. अंगठीएवढं घेऊन मी काय कपाळाला लावू?

मालन : तुला हवंय तरी कशाला? हस्तकला प्रदर्शनाला सगळ्या मुली नीट माणसासारखं काहीतरी करतायत. कोणी भरतकाम, कोणी आइस्क्रीमच्या काड्यांचा बंगला. आमच्या अनुपमाबाईंना मात्र रंग बदलणारं चित्र पायजे.

अनुपमा : पायजेच. गार असताना एक चित्र, तापलं की दुसरंच. विचार कर, परीक्षक समोर उभे आहेत आणि त्यांच्या डोळ्यांदेखत अख्खा समुद्र गुलाबीचा निळा होतोय! पूर्ण घाटकोपरात असं कोणी केलं नसेल. घाटकोपर सोड, मुलुंडपर्यंत कोणी केलं नसेल.

मालन : मुलुंडपर्यंत! वा! आणि त्यासाठी काल हिंगवाला लेनमधल्या त्या माशांच्या दुकानात अर्धा तास टाकीला नाक लावून उभी होतीस. मासेसुद्धा कंटाळले.

अनुपमा : अगं, टाकीच्या काचेला पट्टी चिकटवलेली होती, पाहिलीस ना? पाणी किती गरम आहे ते आकड्यांच्या रंगावरून कळतं. हात न लावता, मालन! हात अजिबात न लावता!

मालन : दुकानदार काय म्हणाला ते पण सांग की.

अनुपमा : म्हणाला, सिंगापूरहून आणलीय, विकायची नाही. आणि मासा घ्यायचा नसेल तर काच सोडा.

मालन : आणि आपले विज्ञानाचे सर?

अनुपमा : त्यांना पाऱ्याच्या त्या लाल पावडरीचं विचारलं. तापवली की पिवळी होते, मी वाचलंय. तर म्हणाले, तिला हात लावलास तर आधी तूच पिवळी होशील. विष आहे म्हणे. संपलं सगळं, मालन. माझी वाट लागली. जगात रंग बदलणारी एक गोष्ट मला मिळत नाही.

मालन : एवढा चेहरा पाडायला काय झालं? चित्रच आहे ना? साधं काढ.

अनुपमा : साधं नाही चालणार.

मालन : का नाही चालणार?

अनुपमा : नाही चालणार म्हणजे नाही चालणार.

मालन : बाई गं, डोळे कसले काढतेस! हे घे. रडू नको. उघड पुडी.

अनुपमा : काय आहे हे? मीठ? गुलाबी मीठ?

मालन : कोबाल्ट क्लोराइड. काल प्रयोगशाळेतलं कपाट पुसून दिलं ना सरांना, म्हणून बाटलीच्या तळाचं मिळालं. हात धुवायचे, बोट तोंडात घालायचं नाही. पाण्यात विरघळवून कागदावर लावायचं आणि तापवायचं. ते पाण्याचं अजून काहीतरी सांगत होते, पण घंटा झाली.

अनुपमा : आणि तू आत्तापर्यंत गप्प बसलीस? दुष्ट! स्टोव्ह पेटव. तुझी आई कधी येणार?

मालन : भाजी घेऊन येईल इतक्यात. लवकर आटप. हा टिपकागद घे.

अनुपमा : भिजला. फिकट गुलाबी झालाय, बघ. ठेव पातेल्याच्या झाकणावर.

मालन : काही होत नाहीये.

अनुपमा : थांब गं.

मालन : काही होत नाहीये, अनू. सरांनी गंडवलं आपल्याला.

अनुपमा : कडा बघ. मालन, कडा बघ! अगं आई गं! निळा! निळा निळा निळा!

मालन : ए, हळू! खालच्या मजल्यावरचे वर येतील.

अनुपमा : आता उचल. फुंकर मार त्याच्यावर.

मालन : फू... अरे! परत गुलाबी व्हायला लागला!

अनुपमा : गार झाला म्हणून! गरम तर निळा, गार तर गुलाबी. इतकं सोपं, इतकं साफ. कोणालाही दिसेल. चष्मा नसला तरी दिसेल.

मालन : तू रडतेयस?

अनुपमा : धूर गेला डोळ्यात.

मालन : स्टोव्ह आहे बये, चूल नाही. धूर कुठला?

* * *

अनुपमा : बाबा, आधी हात दाखवा.

बाबा : दाखवतो गो. पळून जातत काय हात? जेवून तरी घेऊ दे.

अनुपमा : आधी हात. उजवा. हा फोड कधीचा? करंगळीचा?

बाबा : असेल सकाळचा.

अनुपमा : असेल?

बाबा : वास इलो तेव्हा कळला. माका वाटला कोणाची तरी पँट जळली. आधी पँट बघितली. पँट बरी होती.

अनुपमा : हसू नका, बाबा. त्या चामडीच्या दवाखान्यातले डॉक्टर काय म्हणाले होते?

बाबा : औषध पुरं झालं, रोग गेला, आता तुमच्यापासून कोणाला काही होत नाय.

अनुपमा : पुढचं सांगा.

बाबा : पुढचं तुका पाठ आसा ना? मग मी कशाक बोलू?

अनुपमा : रोग गेला, पण बोटांची संवेदना परत येणार नाही. भाजलं तरी कळणार नाही. आणि आता एखादी जखम हाडापर्यंत गेली, तर बोटं ठेवता येणार नाहीत. असं म्हणाले होते. आणि म्हणाले होते, इस्त्री सोडा.

बाबा : सोडतो. मग काय करू? संपात मिल गेली ती गेली. वॉचमन म्हणून उभा राहायला गेलो, तर त्यांना जवान पोरगो हवो. तुझी आई सीप्झच्या कारखान्यात उभ्यान पॅकिंग करता, तिचे पाय बघ सुजून कसे झाले ते. कामा लेनला एका बिल्डिंगच्या जिन्याखाली एक टेबल मिळालं, कोळशाची एक इस्त्री मिळाली. ती पण सोडू?

अनुपमा : मी कुठे सोडा म्हणतेय? मी उपाय आणलाय.

बाबा : आणि हळू बोल. पलीकडे शांताबाई आसा. ह्या चाळीत महारोग हा शब्द कोणी ऐकलो, तर उद्या नळावर आपली कळशी कोणी ठेवू देणार नाय. कामा लेनचे लोक कपडे देतील काय माझ्या हातात?

अनुपमा : कोणाला कळणार नाही. मालनलासुद्धा सांगितलेलं नाही मी. आता ही पट्टी बघा. जुन्या चादरीची आहे. त्यावर ह्या मासोळ्या काढल्यात.

बाबा : बरी काढलंस गो. ही तारली काय?

अनुपमा : तारलीच आहे. तुमच्या इस्त्रीत कोळसे घालून ठेवलेत मी. ही पट्टी तिच्या मुठीला अशी गुंडाळायची. तुमची करंगळी सरकून जिथे लोखंडी खांबाला टेकते ना, तिथे ही मोठी मासोळी. आता मूठ तापू दे. बघत राहा.

बाबा : काय बघू?

अनुपमा : मासोळी बघा.

बाबा : ...निळी झाली.

अनुपमा : झाली ना? झाली ना! गुलाबी आहे तोवर धरायची. निळी दिसली की ठेवून द्यायची, गार होऊ द्यायची, मग परत. तुमच्या बोटाला कळत नाही ना, मग डोळ्याला कळेल. झकास की नाही?

बाबा : परत कर.

अनुपमा : होतेय बघा परत गुलाबी. आता परत तापवते.

बाबा : गरम म्हणजे काय ता मी विसरलो होतो गो. चहाचो पेलो धरताना तुझ्या आईच्या तोंडाकडे बघतो मी. ती ‘आई गं’ करून पेलो ठेवता, तेव्हा समजतो, गरम आसा. आज पहिल्यांदा माझा माका दिसला.

अनुपमा : मग आता मला बक्षीस द्या.

बाबा : तुका शाळा देईल बक्षीस. ह्याच मासोळ्या ठेवतलंस काय प्रदर्शनात?

अनुपमा : छे! तिथे मोठं चित्र. कापडावर अख्खा समुद्र, मागे दिवा. खरं म्हणजे प्रदर्शन हे निमित्त आहे, बाबा. नुसतं ‘मला रंग बदलणारं काहीतरी हवंय’ म्हणून फिरले असते तर लोकांनी विचारलं असतं, कशाला. प्रदर्शनासाठी म्हटलं की कोणी विचारत नाही.

बाबा : हुशार चेडू माझा.

अनुपमा : मग! सहदेव राणेंची मुलगी आहे.

* * *

बाबा : हा सदरा बघ.

अनुपमा : अय्या! हे काय? कॉलरवर गुलाबी?

बाबा : मेहताशेठचा. सफेद. आणि बाहीवर पण बघ. माझ्या हाताला घाम इलो, पट्टी भिजली, रंग हाताला, हातातून सदऱ्याला.

अनुपमा : धुतला तर जाईल ना?

बाबा : धुतला. माका धुवायचो लागलो, म्हणून आज अर्धे कपडे तसेच राहिले. शेठाणी म्हणाली, सहदेवभाई, होळी खेलते हो क्या? हसली ती. पण दुसऱ्यांदा हसणार नाय.

अनुपमा : शाळेतल्या बाईसुद्धा तेच म्हणाल्या. माझ्या चित्राला बोट लावून बघितलं त्यांनी, तर बोट गुलाबी. म्हणाल्या, प्रदर्शनात दोनशे मुलं हात लावणार, संध्याकाळपर्यंत तुझा समुद्र आटेल.

बाबा : चेडवा, मी मिलच्या रंगखात्यात उमर घालवली. माझ्या हाताखालून गेलेला कापडाचा ताका दहा वर्षं धुवा, रंग हलणार नाय. असा उतरणारा रंग आमच्या मास्तराने तोंडावर फेकला असता. आणि माझ्याच घरातला रंग लोकांच्या अंगाला लागतो? लाज वाटली माका. खरा सांगतो, बोटं भाजली तेव्हा पण एवढी वाटली नाय.

अनुपमा : मग पक्का करू या ना. मिलमध्ये काय करायचे?

बाबा : तिथे वाफ द्यायचे, तुरटी, सोडा, नाना प्रकार. ह्या तुझ्या मिठाला तसला काय लागणार नाय, वाफेत विरघळून जाईल. पण वरून झाकता येईल. काशीराम सुताराकडे वार्निश आसा. पातळ, पाण्यासारखा. दोन हात मारले की घाम आत जाणार नाय आणि रंग बाहेर येणार नाय.

अनुपमा : झकास! माझ्या चित्रालाही मारू दोन हात. चमकेल पण.

बाबा : पण रंग बदलेल काय मग? वरून झाकल्यावर?

अनुपमा : न बदलायला काय झालं? उष्णता आत जाणारच. पातेल्याला कल्हई असते म्हणून काय भात शिजत नाही?

बाबा : तसा असेल तर बरा. पण वाळल्यावर एकदा तापवून बघ.

अनुपमा : वाळायलाच दोन दिवस लागणार, आणि परवा सकाळी प्रदर्शन. ओलं असताना विस्तवाजवळ न्यायचं नाही असं काशीरामकाकांनी बजावलंय. भडकतं म्हणे. तुम्ही कशाला काळजी करता? वार्निशच्या आधी शंभर वेळा तापवलंय मी. शंभर वेळा निळं झालंय.

बाबा : शंभर वेळा काय?

अनुपमा : बरं, वीस वेळा. पण एकदाही चुकलं नाही.

बाबा : मग परवापासून वार्निश मारलेली नवी पट्टी बांधतो. नवरात्र येतेय, सगळ्यांना कपडे एकाच दिवशी हवे. दोन दिवस जुनी चिंधी चालेल.

* * *

मालन : अगं, बाई कुणाला तरी घेऊन येतायत. परीक्षकच असणार, चष्मा बघ केवढा. दिवा लाव पटकन!

अनुपमा : लावलाय कधीचा.

मालन : मग समुद्र निळा का नाही?

अनुपमा : तापतोय. जाड झालाय ना थोडा, दोन हात मारलेत.

मालन : हात लावून बघते. आई गं! चटका बसला. केवढं तापलंय हे! आणि अजून गुलाबीच?

अनुपमा : होईल. होईल आता. थांब, मी दिवा अजून जवळ सरकवते.

मालन : कापड जळेल, अनू. वास येतोय.

अनुपमा : होईल गं! वीस वेळा झालंय!

मालन : आले. सरळ उभी राहा. हस.

अनुपमा : नमस्कार सर. हे... हे उष्णतेने रंग बदलणारं चित्र आहे. म्हणजे आत्ता हा समुद्र गुलाबी आहे, पण आता लगेच... म्हणजे थोड्या वेळात...

मालन : सर, जरा थांबता का? खरंच बदलतं, मी पाहिलंय. शपथ.

अनुपमा : ...गेले.

मालन : जाऊ दे. कल्पना चांगली आहे म्हणाले की जाताना.

अनुपमा : का नाही झालं? मालन, का नाही झालं?

मालन : मला काय माहीत? वार्निशने काहीतरी घोळ केला असणार. थांब. आपले विज्ञानाचे सर त्या दिवशी पाण्याचं सांगत होते ना... त्या मिठाच्या आत पाणी असतं, म्हणाले. तापवलं की ते पाणी उडून जातं, म्हणून निळं होतं. हवेतलं पाणी परत आलं की गुलाबी. तेव्हा मी लक्षच दिलं नाही. म्हणजे खेळ उष्णतेचा नव्हताच गं, पाण्याचा होता. तू वरून बूच मारलंस. पाणी जाणार कुठून? आता हे चित्र तव्यावर ठेवलंस तरी गुलाबीच राहील.

अनुपमा : तव्यावर ठेवलं तरी.

मालन : हो. अगं, असू दे! एवढं पांढरं पडायला काय झालं? पुढच्या वर्षी... अनू? बस जरा. पाणी आणू?

अनुपमा : किती वाजले?

मालन : अकरा होत आले. का?

अनुपमा : बाबांनी आज सकाळी नवी पट्टी बांधलीय. नवरात्राचे कपडे घेतलेत. सकाळपासून इस्त्री करतायत. माझे बाबा त्या पट्टीकडे बघून इस्त्री धरतात, मालन! गुलाबी आहे तोवर धरा, असं मी सांगितलंय. मी सांगितलंय!

मालन : मग? चटका बसला की सोडतील ना. कोण धरून ठेवेल गरम इस्त्री?

अनुपमा : त्यांना चटका कळत नाही.

मालन : कळत नाही म्हणजे?

अनुपमा : बोटं बधिर आहेत त्यांची. दोन्ही हातांची. तीन वर्षं झाली.

मालन : बोटं बधिर? आमच्या गावच्या एका बाईची तशी... अनुपमा, तुझ्या बाबांना महारोग आहे?

अनुपमा : होता. होता, मालन. औषध पूर्ण घेतलंय, डॉक्टरांनी लिहून दिलंय, कोणाला होत नाही त्यांच्यापासून. चल ना. तुझी सायकल आहे ना खाली? मला कामा लेनला सोड. चल ना लवकर!

मालन : मी तुमच्याकडे जेवलेय. गणपतीत. तुझ्या बाबांनी वाढलं होतं.

अनुपमा : काही होत नाही गं त्याने! मला झालंय का? आईला झालंय?

मालन : चावी घे. सायकल तू ने.

अनुपमा : तू चल. मला चालवता येत नाही नीट.

मालन : मी... बाईंना सांगायला पाहिजे ना कोणीतरी. तू हो पुढे.

अनुपमा : मालन.

मालन : हो ना पुढे! जा! आणि सायकल खालीच ठेव नंतर. घरी नको आणू.

* * *

(पालिकेच्या रुग्णालयातला वॉर्ड. बाबा खाटेवर, डोळे मिटलेले. उजवा हात मनगटापर्यंत पट्टीत, डावा चादरीवर उघडा. अनुपमा शेजारच्या स्टुलावर.)

बाबा : आई खंय गेली?

अनुपमा : डॉक्टरांकडे. उद्याचं विचारायला.

बाबा : किती काढणार म्हणाले? माझ्यासमोर इंग्लिशमध्ये बोलतात.

अनुपमा : दोन. करंगळी आणि तिच्या बाजूचं. तिसऱ्याचं उद्या बघून ठरवणार.

बाबा : तिसऱ्याचं. म्हणजे मूठ काय होणार नाय आता.

अनुपमा : बाबा...

बाबा : मी बघत होतो गो. तुका वाटेल बाबाने लक्ष दिलं नाय. तसा नाय. प्रत्येक कपड्याला बघत होतो. मेहताशेठ जिन्यावरून उतरले, म्हणाले, सहदेव, धूर निकलता है. मी म्हटलं, नाय शेठ, गुलाबी आसा.

अनुपमा : नका ना सांगू.

बाबा : त्यांनी इस्त्री हातातून ओढली. तेव्हा बोटाचा... जाऊ दे.

अनुपमा : तुम्ही तापवून बघ म्हणाला होता. मी ऐकलं नाही. कल्हईचं कसलं उदाहरण दिलं मी तुम्हाला! मोठी शहाणी! मीच केलं हे, बाबा.

बाबा : वार्निश मारूया कोण म्हणाला? मी म्हणालो. रंग पक्को होवो म्हणून कोण नाचत होता? तू एकटीन नाय केलंस. अर्धा माझा.

अनुपमा : अर्ध्याने काय होतं?

बाबा : काय होत नाय. पण तू लहान आसस, सगळा तुका उचलणार नाय. चाळीत कळला?

अनुपमा : कळलं.

बाबा : कोणी सांगितला?

अनुपमा : माहीत नाही. मी घरी गेले तेव्हा आपली कळशी नळावरून उचलून दारात ठेवलेली होती. धुऊन ठेवलेली होती. शांताबाईंनीच ठेवली असेल.

बाबा : धुऊन ठेवली. बरी आसा बाई.

अनुपमा : आणि टेबलावरचे कपडे लोक घेऊन गेले. इस्त्री न केलेलेसुद्धा. टेबल जिन्याखालून बाहेर काढलंय. वॉचमन म्हणाला, घेऊन जा.

बाबा : इस्त्री?

अनुपमा : ती आणली मी. कोळसे गार झाले होते.

बाबा : ठेव कुठेतरी. नको तर भंगारवाल्याक दे. मालन इली होती काय?

अनुपमा : नाही.

बाबा : येईल.

अनुपमा : नाही यायची, बाबा.

बाबा : लहान आसा ती पण. तू शाळेत जाणार ना सोमवारी?

अनुपमा : बाईंनी निरोप पाठवलाय. थोडे दिवस येऊ नकोस, बाकीच्यांचे आईवडील विचारतायत. मी डॉक्टरांकडून लिहून घेईन, दाखवेन सगळ्यांना. आता एकच माणूस शिल्लक आहे, ज्याला मला काही समजावून सांगायचं नाहीये. तो तुम्ही.

बाबा : मग बस गप माझ्याजवळ. बोलू नको.

अनुपमा : बरं.

बाबा : ताप चढलो वाटता. डोळे उघडत नाय.

अनुपमा : उघडू नका. मी आहे इथे. डावा हात धरू तुमचा?

बाबा : धर.

(अनुपमा स्टूल खाटेच्या डाव्या बाजूला सरकवते.)

बाबा : बरा वाटता गो. गरम आसा तुझा हात.

अनुपमा : तुम्हाला कळतोय?

बाबा : कळतो तर. घट्ट धरलंस म्हणून कळतो.

अनुपमा : बाबा, मी अजून धरलेला नाही.

बाबा : मग धर ना.